अकोल्यापर्यंतचा भोंगा

राजकुमारच्या नव्या गाडीला पाच महिन्यांत त्याच्याशिवाय कोणाचा हात लागला नव्हता आणि हे तो साऱ्या उंद्रीला सांगत सुटला होता. काच तोच पुसणार. दर शनिवारी लिंबू, मिरच्या आणि बिब्बा तोच बांधणार. चाकात हवा भरायची तरी कंपनीच्या अधिकृत सेंटरात, म्हणजे ऐंशी किलोमीटरवर, अकोल्याला.

"दुसऱ्यानं हात लावला का वारंटी जाते माय," तो म्हणे.

रुखमाबाईंना वाटे, ही वारंटी म्हणजे माहेरची कोणी रुसकी पाहुणी असावी. जरा खट्ट झालं की पिशवी उचलून निघाली. यजमान उकंडराव होते तेव्हा त्यांची जीप बावीस वर्षं चालली. एकदा इंजिनच्या पंख्याचा पट्टा तुटला, तर रुखमाबाईंच्या जुन्या लुगड्याची पट्टी पिळून बांधली आणि जीप बिनबोभाट चिखलीला जाऊन आली. त्या जीपला वारंटी नव्हती. तिच्या मालकाला अक्कल होती.

त्या रविवारी रुखमाबाई आठलाच तयार होऊन बसल्या होत्या. त्यांची बालमैत्रीण झुंबरबाई सुरतेला मुलाकडे राहायची. अकरा वर्षांनी चार दिवसांसाठी ती वरवट बकालला आली होती आणि आज दुपारी परत निघणार होती. दोघींनी पंच्याहत्तरी ओलांडलेली. आणखी अकरा वर्षं थांबायची सोय दोघींपैकी एकीकडेही नव्हती.

वरवटला जायला गाडी अंगणातून निघाली, फाटकापुढच्या नालीवर दणका बसला आणि हॉर्न वाजू लागला. वाजू लागला तो थांबेचना. राजकुमारने चावी काढली, हॉर्नवर थापटलं, गुच्चे मारले. गल्लीतली सारी माणसं बाहेर आली. समोरच्या गॅरेजमधून कडूबा मिस्त्री हात पुसत आला. याच्याच बापाने उकंडरावांची जीप सांभाळली होती.

"दादा, बॉनेट खोला. एक तार काढतो, दोन मिनिटं लागते."

"हात नोको लावू!" राजकुमार दोन्ही हात पसरून गाडीपुढे उभा राहिला. "वारंटी जाईन!"

"अन् कान गेले त त्याची वारंटी कोण देते बे?" कडूबा ओरडला.

रुखमाबाई खिडकीतून म्हणाल्या, "राजू, लावू दे त्याले हात. मले झुंबरीकडे जा लागते."

पण राजकुमारने कंपनीला फोन लावला होता. एका कानात बोट घालून त्याने ऐकून घेतलं आणि जाहीर केलं, "बॉनेट उघडू नका म्हणते. हाये तशी गाडी अकोल्याले आणा म्हणते. आधी अकोला, मंग वरवट."

"वरवट एकीकडं, अकोला दुसरीकडं! ती बाराले निघून जाईन ना!"

"तीन वर्षाची वारंटी हाये माय!"

मैत्री सत्तर वर्षांची होती. पण ती वारंटीसारखी कुठल्या पुस्तकात छापलेली नव्हती.

गाडी बोंबलत निघाली. रस्त्यावरच्या गावांत बैल दावणीला हिसके देऊ लागले. एका फाट्यावर कोणा पुढाऱ्याची वाट पाहत उभे असलेले लोक धावत आले, त्यांनी हार आत फेकला आणि जयजयकार केला. खिडकीत पुढाऱ्याऐवजी रागावलेली म्हातारी दिसली, तरी त्यांचा जयजयकार थांबला नाही. तो हार रुखमाबाईंनी मांडीवर घेतला. खामगावात पोलिसाने शिट्टी मारली, ती अर्थातच ऐकू आली नाही. तेव्हा तो गाडीला आडवाच आला.

"भोंगा काऊन वाजवून राह्यले?"

"वारंटीत हाये साहेब!"

पोलिसाने रुखमाबाईंकडे पाहिलं. त्यांनी कपाळाला हात लावला. पोलिसाने गाडी सोडून दिली. बाळापूर येईस्तोवर हॉर्नचा घसा बसला, पण जिद्द बसली नाही.

अकोल्याच्या सेंटरात टाय लावलेला सुपरवायझर आला. पांढरे हातमोजे घातलेल्या माणसाने बॉनेट उघडलं, एक तार काढली. दोन मिनिटं लागली. मग त्याने जाळीमागून लिंबू, मिरच्या आणि बिब्बा बाहेर ओढले. दोरा टिकत नाही म्हणून राजकुमारने ते तांब्याच्या तारेने बांधले होते. दणक्याने ती तार हॉर्नला जाऊन चिकटली होती.

"बाहेरचं फिटिंग," सुपरवायझर गंभीरपणे म्हणाला. "सॉरी सर, वायरिंगची वारंटी आता संपली."

"अहो, लिंबू आहे ते!"

"सर, लिंबू अधिकृत नाही."

शांतता झाली तेव्हा रुखमाबाईंना आपला फोन दिसला. झुंबरबाईचे सात फोन येऊन गेले होते. बारा वाजत आले होते. निघताना निरोप घ्यायला करत असेल बिचारी. त्या हार घेऊन वेटिंग रूममध्ये गेल्या.

"कावं रुखमे! फोन उचलाले हात दुखतात काय?"

कोपऱ्यातल्या सोफ्यावर झुंबरबाई बसली होती. पायाशी लोणच्याची बरणी आणि तीन पिशव्या.

"तू इथी कशी?"

"पोरगं! सकाळी सातलेच उठवलं. दहा हजार किलोमीटर भरले म्हणे. आज सेंटरात नाही दाखवली त वारंटी जाते म्हणे! मले वाटलं, तुही भेट गेली आता. नवापासून बसली हावो मी."

"तुहं पोरगंही असंच निंघालं?"

"असंच."

रुखमाबाईंनी हार झुंबरबाईच्या गळ्यात घातला आणि शेजारी बसल्या. मग शाळा निघाली, नदी निघाली, मेलेली आणि उरलेली माणसं निघाली. काचेपलीकडे दोन्ही मुलगे एकमेकांना आपापली वारंटीची पुस्तकं दाखवत होते.

तासाभराने सुपरवायझर आला. "आजी, तुमच्या दोन्ही गाड्या तयार आहेत."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"मांगचा दरवाजा खडखड करते," रुखमाबाई म्हणाल्या.

"कुठी करते माय?" राजकुमार चमकला.

"तुले काय ऐकू येते? अडीच तास भोंग्यात बसला तू."

"आमच्या गाडीच्या एसीतून वास येते भाऊ," झुंबरबाई म्हणाली. "लय वाईट."

सुपरवायझरने दोन्ही तक्रारी आदराने लिहून घेतल्या. रुखमाबाईंनी पाय वर घेऊन मांडी घातली.

"हळूहळू पाह्य बाप्पा," त्या म्हणाल्या. "वारंटीचं काम हाये. घाई नोको करू."