गाडी सुखरूप आहे

ईश्वरनाना बोरसे सहा महिन्यांसाठी कॅनडाला लेकीकडे निघाले होते. बॅग भरून झाली, औषधं मोजून झाली, तरी गाडीचं काय करायचं हे ठरत नव्हतं.

"बाबा, विकून टाका," भूमिका फोनवर म्हणाली. "चौदा वर्षं झाली त्या गाडीला."

"चालते ना अजून."

"मग उखर्डूमामाला द्या चालवायला."

"चालवायला कशाला?" नाना म्हणाले आणि तिकडे थंडी किती आहे ते विचारू लागले.

खरी गोष्ट डाव्या सीटची होती. नानांच्या पत्नी कुंदाबाई बुटक्या होत्या. पाय खाली टेकावेत म्हणून त्यांनी ती सीट अगदी पुढे ओढून घेतली होती. गाडी चाळिसाच्या वर गेली की एक हात डॅशबोर्डवर ठेवून म्हणायच्या, "हळू." नाना म्हणायचे, "अगं, मागचे हॉर्न वाजवतायत." त्या म्हणायच्या, "वाजवू द्या." कुंदाबाईंना जाऊन दोन वर्षं होत आली, पण नानांनी ती सीट बोटभरही मागे सरकवली नव्हती. तिथे कुणाला बसू देत नसत. पाहुणे मागे आणि नाना पुढे एकटे. जळगावच्या पिंप्राळ्यात नवीन आलेले लोक त्यांना ड्रायव्हर समजत. नानांची त्याला हरकत नव्हती.

आता सहा महिने गाडी कुणाला दिली, की तो चालवणार. शेजारी कुणीतरी बसणार. बसला की पहिल्यांदा सीट मागे घेणार.

नानांनी हायस्कुलात अडतीस वर्षं कारकुनी केली होती. बोर्डाच्या प्रश्नपत्रिकांच्या कपाटाला तीन कुलपं असत आणि तीन किल्ल्या तीन माणसांकडे. तिघं हजर झाल्याशिवाय कपाट उघडत नसे. अडतीस वर्षांत एक पेपर फुटला नव्हता. निघायच्या चार दिवस आधी नाना अंथरुणातून उठले ते थेट कय्युमच्या गॅरेजवर गेले.

"सोपं आहे नाना," कय्युम म्हणाला. "गाडी विटांवर चढवू, चाकं काढून ठेवू. बॅटरी काढू. सायलेन्सरमध्ये बोळा कोंबू, उंदीर जायला नको. सगळं माझ्याकडे राहील."

"सगळं नाही. बॅटरी तुझ्याकडे. किल्ली शेजारच्या मंदाबाईंकडे. चाकं सोनगीरला, उखर्डूकडे."

उखर्डू म्हणजे कुंदाबाईंचा धाकटा भाऊ. कय्युमने हातातला पाना खाली ठेवला.

"जळगावच्या गाडीची चाकं सोनगीरला? नाना, मग स्टेअरिंग पण काढतो. धुळ्याला कुणी ओळखीचं आहे का?"

"थट्टा करू नको. पद्धत असते एकेक."

मंदाबाईंनी किल्ली हळदीच्या डब्यात टाकली आणि विचारलं, "कुणी मागितली तर?"

"द्यायची नाही. तुम्ही, कय्युम आणि उखर्डू, तिघं समोरासमोर असाल तरच."

"आमच्यात चालवता कोणाला येते?"

"कय्युमला."

"मग त्याला एकट्याला दिली तर?"

"त्यालाच तर द्यायची नाही!"

असा बंदोबस्त करून नाना फेब्रुवारीत गेले. दर रविवारी तीन फोन करायचे. मंदाबाई म्हणायच्या, गाडी सुखरूप आहे. कय्युम म्हणायचा, गाडी सुखरूप आहे. उखर्डूसमोर नुसती चार चाकं होती, पण तोही म्हणायचा, "गाडी सुखरूप शे, दाजी."

मे महिन्यातल्या एका रविवारी मंदाबाईंचा आवाज वेगळा लागला.

"नाना, घाबरू नका."

नाना लगेच घाबरले.

"गल्लीत पाण्याचा पाइप टाकतायत. तुमची गाडी बरोबर मधे. तो सुपरवायझर म्हणाला, हलवा, नाहीतर जेसीबीने उचलतो. म्हटलं, हलवू कशी, तिला चाकं नाहीत. तर म्हणतो, मग तर अजून सोपं. तुम्हाला चार फोन केले. तुम्ही झोपलेले."

"मग?"

"मग काय, कय्युमभाईंना बोलावलं. ते बॅटरी घेऊन आले, पण लावेनात. म्हणे, तिघं पाहिजेत. उखर्डूभाऊ केळीच्या रिकाम्या टेम्पोत चाकं टाकून दुपारी पोचले. तोपर्यंत जेसीबी, सहा मजूर आणि सुपरवायझर सावलीत बसून. तिघं जमलो, मग मी हळदीचा डबा उघडला. गाडी माझ्या दारात आणून लावली. तीस पावलं."

"आणि सीट?"

पलीकडे मंदाबाई आधी खोकल्या.

"सीटला काही झालेलं नाही," मंदाबाई म्हणाल्या.

नानांनी उखर्डूला फोन लावला. "सीटनं टेन्शनच लेऊ नका, दाजी. कोणीच हात लावत नही."

कय्युम म्हणाला, "नाना, ती सीट गाडीपेक्षा जास्त सुखरूप आहे." नानांना बरं वाटलं. त्या वाक्याचा अर्थ त्यांना ऑगस्टमध्ये, परत आल्यावर कळला.

मंदाबाईंकडून किल्ली घेऊन गाडीवरचं कव्हर त्यांनी स्वतः काढलं. चाकं होती. बॅटरी होती. डावीकडचं दार उघडलं तर आत सीट नव्हती. चार बोल्टांची भोकं होती आणि धुळीत पडलेली केसांची एक पिन. नानांनी पिन उचलली, पुसली आणि खिशात ठेवली. मग ओरडले, "कय्युम!"

कय्युम आणि मंदाबाई दोघंही जवळच उभे होते. नाना कव्हर काढणार हे त्यांना माहीत होतं.

"तो सुपरवायझर, नाना," मंदाबाई म्हणाल्या. "ऊन लागलं म्हणून दार उघडून बसायला निघाला. खालच्या दांडीला हात घातला, सीट मागे घ्यायला. उखर्डूभाऊंनी त्याची कॉलरच धरली. तो म्हणे, अजून बसलो नाही. उखर्डूभाऊ म्हणाले, बसू बी नको!"

"मग तुम्हीच ठरवून दिलं होतं ना?" कय्युम म्हणाला. "किल्ली, बॅटरी, चाकं एकत्र आली. म्हणजे तुमच्या शाळेतलं कपाट उघडलं. मग निदान पेपर तरी बाहेर हलवायला नको? चार बोल्ट काढले. उखर्डूभाऊंनी सीट चादरीत गुंडाळून सोनगीरला नेली."

नानांनी डावीकडचं दार आपटून लावलं. ते तसेच गाडीत बसले आणि निघाले. पारोळा गेलं, धुळं गेलं, तरी राग उतरला नव्हता. आज सीट घेऊनच परतायचं, तिथल्या तिथे बोल्ट आवळून घ्यायचे, असं ठरवून त्यांनी सोनगीरला उखर्डूच्या दारात गाडी उभी केली.

ओट्यावर सीट होती. खाली दोन विटा, वर स्वच्छ धुतलेली चादर. आणि सीटवर त्यांच्या सासूबाई, दगडीबाई, बसल्या होत्या. वय नव्वदीच्या घरात. लेकीइतक्याच बुटक्या. दोन्ही पाय खाली नीट टेकलेले.

"माय दिवसभर आठेच बसस," उखर्डू आतून येत म्हणाला. "बाकी कोणले बसू देत नही. मालेबी नही."

तेवढ्यात दगडीबाईंनी नानांना पाहिलं. जावयासमोर बसून कसं राहायचं? त्यांनी डोक्यावर पदर ओढला, दोन्ही हात सीटवर रेटले आणि उठू लागल्या. एकदा नाही जमलं. दुसऱ्यांदा अर्ध्या उठल्या.

"या, जवाईबापू. तुमी बसा. हाई कुंदानी जागा शे."

त्या अजून अर्ध्याच उठलेल्या होत्या. नानांनी घाईने त्यांचा दंड धरला.

"बसा, माय. तुम्हीच बसा."

"तुमी?"

"मी इथे ओट्यावर बसतो ना."

सीटचा विषय निघालाच नाही. चहा झाला, भूमिकाचे फोटो दाखवून झाले. निघताना दगडीबाईंनी सुनेला हाक मारून बिबड्यांची टोपली मागवली. ज्वारीचे ते पातळ पापड, नुसता धक्का लागला तरी तुटणारे. कुंदाबाईंसाठी त्या दर उन्हाळ्यात करायच्या. यंदाही केले होते. टोपली कुठे ठेवायची? डावीकडे जागा होतीच. उखर्डूने खाली चादर अंथरली आणि टोपली बरोबर चार भोकांच्या मधे ठेवली.

"हळू जा, जवाईबापू," दगडीबाई सीटवरून म्हणाल्या. "फुटतीन."

नाना महामार्गाला लागले. सवयीने पाय दाबला, टोपली करकरली. त्यांनी पाय उचलला. काटा चाळिसावर आला आणि तिथेच राहिला. मागून ट्रकवाले हॉर्न वाजवू लागले.

"वाजवू द्या," नाना म्हणाले.

पिंप्राळ्यात पोचेपर्यंत अंधार पडला. मंदाबाई दारातच होत्या. त्यांनी सीट कुठे आहे हे विचारलं नाही. टोपली उघडून पाहिली.

"एवढ्या लांबून आणले आणि एकच तुटला?"

"तो तुटला नाही," नाना म्हणाले. "पारोळ्याला गाडी थांबवून मीच खाल्ला."