सुरमईने वाजवलेला भोंगा

पनवेलात चोर पकडायचं शास्त्र कुणी आणलं असेल, तर मी! २००९च्या मे महिन्यात हे वाक्य मी दिवसातून चारदा म्हणत होतो. मिक्सर दुरुस्त करता करता पाच वर्षं खपून मी माझं यंत्र घडवलं होतं. कवडीएवढा पांढरा डोळा. भिंतीवर बसावा, जागत राहावा आणि चालत्या माणसाच्या अंगाची ऊब दिसली की भोंगा! तान्ह्याने कूस बदलली की आईला जाग यावी, तशी त्याला चोराची चाहूल लागे.

उरणजवळच्या द्रोणागिरीचे ताहेरभाई आपल्या गोदामांसाठी ते बघायला भर दुपारी माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये आले. ऑर्डर मिळाली तर कारखाना, नाही तर जन्मभर मिक्सर!

"चाला बिनधास्त," मी म्हणालो. "दुसरं पाऊल पडायच्या आत बोंबलेल!"

ताहेरभाई चालले. दुसरं पडलं, दहावं पडलं. भोंगा मुका!

"कुंदनभाई, चोराने आधी सलाम करायचा असतो का?"

मी धावलो. उड्या मारल्या. त्या डोळ्यासमोर फुगडी घातली, तीही एकट्याने! वर पत्र्याची कढई झालेली, खाली मी घामाने निथळतोय आणि भोंगा ढिम्म.

तेवढ्यात मासळीवाली कृष्णाबाई पाटी घेऊन आत आली. "सुरमई हाय रं, ताजी..."

भोंऽऽऽ!

"पकडलं!" मी आनंदाने किंचाळलो.

"कुनाला पकडलं? मला चोर बोलतोस? उरणपासून इचारत ये, कृष्णाबाय कोन हाय ते!"

गल्ली गोळा झाली. मी हात जोडले, "मावशी, तुम्ही नाही हो, यंत्र..."

बाईने पाटी बाहेर ठेवली आणि ती कमरेवर हात ठेवून आत आली. भोंगा गप्प. पाटी घेऊन आली. भोंऽऽऽ! मग पाटीतला बर्फाचा खडा उचलून नुसता डोळ्यापुढे फिरवला. भोंऽऽऽ!

"आरं येड्या, तुज्या पत्र्याखाली भिंत न् मानूस सारखंच तापल्यात. त्याला येगळं काय दिसनार? गार हाय तेच दिसतंय!"

पुस्तकं चाळून चाळून जे मला उमगलं नव्हतं, ते बाईने तीन फेऱ्यांत सांगितलं. पाय धरावेसे वाटले, खरंच!

"माशाल्लाह!" ताहेरभाई टाळी वाजवत पुढे आले. "मग माझ्या कोल्ड स्टोरेजमध्ये माणूस याला कंदिलासारखा दिसेल!"

दिसला! दुसऱ्याच दिवशी त्या बर्फाळ खोलीत मी नुसता मान खाजवायला हात उचलला, तर अख्खं द्रोणागिरी दणाणलं. सहा खोल्यांची ऑर्डर मिळाली. कागदावर ताहेरभाईंनी आपल्या हाताने एकच अट लिहिली: दर महिन्याची तपासणी कृष्णाबाई करतील.

"आणि मी?" मी विचारलं.

"तुम्ही पाटी धरा."