झुकतं माप

काटेसाहेबांनी बायकोच्या संगणकातली नवी एसएसडी जप्त केली तेव्हा बायको बाजारात गेली होती आणि सासरे खुर्चीत पेंगत होते, त्यामुळे पंच म्हणून सही करायला घरात कोणी मिळालं नाही. एवढी एक त्रुटी सोडली तर सगळी कारवाई नियमाला धरून होती, असं ते पुढे बरेच दिवस ज्याला त्याला सांगत.

काटेसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते आणि तराजूच्या काट्यावरून बाजाराने त्यांना हे नाव दिलं होतं. माणूस सरळ, पण सरळपणाचाही अतिरेक करणारा. घरात चमचा घ्यायचा म्हटलं तरी गुण एका पारड्यात, दोष दुसऱ्या पारड्यात, आणि काटा स्थिर होईपर्यंत सगळ्यांनी श्वास रोखून बसायचं. लग्नाला होकार द्यायलाही त्यांनी इतका वेळ घेतला होता की मुलीने मधल्या काळात चित्रकलेची पदवी मिळवली.

ती मुलगी, म्हणजे त्यांची बायको, आता मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची. आजवर दुसऱ्यांच्या पुस्तकांत काढली होती. या वेळी पहिल्यांदा पुस्तक तिचं स्वतःचं होतं, पक्ष्यांचं, आणि मुखपृष्ठावर तिचं एकटीचं नाव येणार होतं. दोन-अडीच वर्षं ती त्यावर राबत होती. चित्रं संगणकात होती आणि संगणक म्हातारा झाला होता. सकाळी बटण दाबलं की आतली डिस्क खर्र-खर्र करत जागी व्हायची, आणि ती पूर्ण जागी होईपर्यंत बाबांचं, म्हणजे काटेसाहेबांच्या सासऱ्यांचं, घरातल्या झाडांना पाणी घालून व्हायचं. ती खरखर ऐकली की ते झारी घेऊन उठायचे. झाडांना पाणी घालायची आठवण त्यांना दुसऱ्या कशाने होत नसे.

एसएसडी, म्हणजे नव्या जातीची डिस्क, घ्यायची असं मनात आल्यावर बायकोने नवऱ्याला त्याच्याच भाषेत समजावलं. गुण असे की ती पटकन उठते, तिच्यात फिरणारं काही नसल्यामुळे आवाज नाही, धक्का लागला तरी सहसा बिघडत नाही. दोष असे की महाग पडते, फार दिवस विजेशिवाय पडून राहिली तर विसरायला लागते, आणि जुनी डिस्क कण्हत-कुथत, चार दिवस आधी सांगून जाते, तशी ही जात नाही. ही उभ्या उभ्या जाते. काटेसाहेब दोन रात्री विचार करत होते. शेवटी बाबा म्हणाले, "न बोलता काम करणारं काहीतरी या घरात येऊ दे की एकदा." आणि काटा झुकला.

कोपऱ्यावरच्या दुकानदाराने ती बसवून दिली, सगळी चित्रं तिच्यावर घेतली, आणि जुनी डिस्क काढून टेबलाच्या खणात ठेवली. दुसऱ्या दिवशी बायकोने बटण दाबलं, चष्मा पुसायला घेतला, आणि चष्मा पुसून होण्याच्या आत पडद्यावर खंड्या पक्षी हजर. तिला भरून आलं. तिने संगणकाच्या खोक्यावर हात ठेवला आणि मनापासून म्हणाली, "देवा, बरं झालं गं तू आलीस." एवढी कृतज्ञता काटेसाहेबांच्या वाट्याला कधी आली नव्हती, हे त्यांच्या लक्षात आलं असावं.

म्हणूनच की काय, आठवड्याभराने एकदा बायको बाजारात गेल्यावर ते त्या संगणकासमोर बसले. वेष्टनावर लिहिलं होतं, हजार गीगाबाइट. पडद्यावर दिसत होतं, नऊशे एकतीस. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. नऊशे एकतीसच. हजारात एकोणसत्तर कमी! याच्या निम्म्याने कमी भरलं म्हणून त्यांनी भल्याभल्यांचे तराजू उचलून नेले होते. त्यांनी संगणक बंद केला, स्क्रू काढले, एसएसडी बाहेर काढली आणि हातावर तोलली. हलकी. तिचं झाकण उघडलं तर आत एका कडेला बोटभर पट्टी आणि बाकी डबा रिकामा. आता मात्र त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कापडी पिशवी, सुतळी, लाख, खात्याचा शिक्का. तासाभरात एसएसडी कार्यालयाच्या लोखंडी कपाटात मुद्देमाल म्हणून विसावली.

बायको परत आली तेव्हा संगणकाची कूस उघडी होती.

"अहो, हे काय केलंत?"

"फसवणूक झालीय आपली. सील केलं मी."

"माझे पक्षी आहेत त्यात."

"पक्षी सुरक्षित आहेत. घरचं म्हणून सोडून दिलं तर उद्या बाजारात तोंड कसं दाखवू मी?"

तिने पुढच्या शुक्रवारी प्रकाशकाला चित्रं द्यायची आहेत याची आठवण करून दिली. काटेसाहेब म्हणाले, सुनावणी त्याआधीच होईल. दुकानदाराला बोलावणं गेलं. बिचारा एका हातात नोटीस घेऊन दुसऱ्या हाताने खणातली जुनी डिस्क परत जोडू लागला, म्हणजे निदान बाईंचं काम अडायला नको. "साहेब, सगळ्याच कंपन्यांच्या..." असं तो सांगू पाहत होता, पण काटेसाहेबांनी हात वर केला. सगळेच कमी देतात हा बचाव त्यांनी आजवर प्रत्येक दुकानात ऐकला होता. दुकानदाराने उरलेलं वाक्य गिळलं.

आणि इथून खरी गंमत सुरू झाली. एसएसडी आल्यापासून घरात खरखर बंद झाली होती, त्यामुळे बाबा पाणी घालायचं विसरले होते आणि झाडांनी माना टाकल्या होत्या. दुसऱ्या दिवशी बायकोने बटण दाबलं, जुनी डिस्क आपल्या जुन्या सुरात खर्र करून उठली, आणि बाबांना एकदम सगळं आठवलं. सुकलेली झाडं पाहून त्यांचा जीव कळवळला. त्यांनी प्रत्येक कुंडीत एकीऐवजी तीन-तीन झाऱ्या ओतल्या. संगणकाच्या वरच्या फळीवर एक मोठी कुंडी होती. तिची बशी भरली, वाहिली, आणि पाणी थेट संगणकाच्या अजून उघड्याच राहिलेल्या कुशीत उतरलं. खर्र थांबलं. मग जळकट वास आला.

धावत आलेल्या दुकानदाराने डिस्क कानाशी धरून हलवली आणि मान हलवली. बाबा झारी छातीशी धरून उभे होते. त्यांचा चेहरा पाहून बायकोने आधी त्यांना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन एकटीच रडली.

काटेसाहेबांना आता उमगलं की जगातले सगळे पक्षी त्यांच्या लाखेच्या सीलाखाली आहेत. बायकोने त्यांच्यापुढे कात्री ठेवली. त्यांनी कात्रीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं.

"सील मी तोडू शकत नाही गं," ते पडेल आवाजात म्हणाले. "आयुष्यभर लोकांना सांगत आलो, सील म्हणजे सील."

"आणि आत ती मेली असेल तर? ती सांगून जात नाही, हे मीच सांगितलं होतं तुम्हाला."

त्या रात्री ते कूस बदलत राहिले. लाख किती गरम होती, झाकण परत नीट बसवलं होतं का, पट्टीला बोट तर लागलं नव्हतं, हे सगळं त्यांना अंधारात आठवत होतं.

सुनावणी शुक्रवारी सकाळीच लागली, कारण वरिष्ठ मॅडम तोपर्यंत दौऱ्यावर होत्या. एका बाजूला दुकानदार, दुसऱ्या बाजूला मालक म्हणून बायको, आणि मध्ये काटेसाहेब, जे तक्रारदारही होते आणि जप्ती करणारे अधिकारीही. मॅडमनी कागद चाळले, चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं आणि आधी बायकोला विचारलं की या वस्तूबद्दल तुमचं म्हणणं काय.

"चांगली आहे हो," बायको म्हणाली. "आवाज करत नाही, लवकर उठते, सांगितलेलं काम मुकाट्याने करते. दोष एकच, मनात काय चाललंय ते कळू देत नाही. जुनं होतं ते कुरकुर फार करायचं, उठायला वेळ लावायचं, पण त्याची सवय झाली होती."

"हे डिस्कबद्दलच ना?" मॅडमनी विचारलं.

"हो," बायको म्हणाली. काटेसाहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं.

सील तोडलं. एसएसडी कार्यालयाच्या संगणकाला जोडली. काहीच आवाज झाला नाही. काटेसाहेब नकळत टेबलाला कान लावायला वाकले. आणि त्यांचा कान टेबलाला टेकायच्या आत पडद्यावर खंड्या आला. त्याच्यामागे सुतार, घुबड, बगळा, झाडून सगळे. बायकोने पदराने डोळे टिपले आणि समोर कोण आहे याची पर्वा न करता त्या पडद्याला हात जोडले. दुकानदारानेही जोडले. काटेसाहेबांचे हात मागे बांधलेले होते, ते सुटून कधी पुढे आले हे त्यांनाही कळलं नाही.

"आता मापाचं बघू," मॅडम म्हणाल्या. त्यांनी दोनदा क्लिक केलं. नऊशे एकतीसच्या शेजारी एक लांबलचक आकडा उघडला, एकेक बाइट मोजून लिहिलेला. "वाचा."

काटेसाहेबांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि शाळेतल्यासारखं उजवीकडून सुरू केलं. एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र, लक्ष... कोटीच्या पुढे गेल्यावर त्यांचा आवाज बारीक झाला. हजार गीगाबाइट म्हणजे एक लाख कोटी बाइट. तेवढे होतेच. वर आणखी वीस कोटी होते.

मॅडमनी दोन्ही हिशेब सांगितले तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. कंपनी दर पायरीला हजाराने मोजत होती, संगणक एक हजार चोवीसने. माल तोच, शेर वेगळा. एवढी वर्षं वजनं तपासणाऱ्या माणसाने एकाच धान्याला दोन शेर लावले होते आणि धान्याला चोर म्हटलं होतं.

"काय लिहू शेऱ्यात?" मॅडमनी विचारलं.

काटेसाहेब म्हणाले, "माप कमी नाही. झुकतं आहे." आणि दुकानदाराकडे वळून त्यांनी सरळ माफी मागितली.

"असू दे हो साहेब," दुकानदार म्हणाला. "फक्त ते वरचे वीस कोटी परत मिळतील का?"

मॅडमसुद्धा हसल्या. चित्रं त्याच दिवशी प्रकाशकाकडे पोचली.

घरी जाताना काटेसाहेबांना कंठ फुटला. ते म्हणाले की एका परीने जप्ती केली म्हणूनच पक्षी वाचले, नाहीतर तेही त्या पाण्यात गेले असते. बायकोने चालता चालता हिशेब मांडला. जप्ती झाली नसती तर जुनी डिस्क जोडली नसती, ती खरखरली नसती, बाबांनी पाणी ओतलं नसतं. काटेसाहेबांनी दोन्ही पारडी मनात उचलून पाहिली आणि विषय बदलला.

पुस्तक आलं. शेवटच्या पानावर आभार होते. बाबांचे होते, दुकानदाराचे होते, एसएसडीचे तर दोन ओळी भरून होते, आणि त्याखाली 'वजनमापे कार्यालयातल्या लोखंडी कपाटाचे मनःपूर्वक आभार' असं छापलं होतं. काटेसाहेबांनी पान उलटून पाहिलं. मागे काही नव्हतं.

"आणि मी?"

"मोजून बघितलं मी," बायको म्हणाली. "एका शेराने भरता, दुसऱ्याने नाही. आणि जे भरतं ते पानात मावेना."

काटेसाहेबांनी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ मांडीवरच ठेवलं. आपल्याला आयुष्यभर झुकतं माप मिळत आलंय आणि आपण एकदाही पावती दिली नाही, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटलं.

तेव्हापासून त्या घरातला दिवस असा सुरू होतो. दुरुस्त झालेल्या संगणकाचं बटण बायको दाबते. काही आवाज होत नाही. तिच्या खुर्चीमागे काटेसाहेब उभे असतात, ते गळा साफ करतात आणि तोंडाने मोठ्यांदा "खर्र... खर्र..." करतात. बाबा झारी घेऊन उठतात. झारीवर काटेसाहेबांनी स्वतः मापाच्या रेघा मारून दिल्या आहेत, कुंडीमागे एक. बाबा त्या त्या कुंडीची रेघ डोळ्यांजवळ धरून बघतात, तेवढंच पाणी घालतात, आणि जावयाची पाठ वळली की वर थोडं आणखी.