बबनरावांच्या डोळ्याची प्रत

सकाळी पेपर उचलायला मी फाटकाशी वाकलो की समोर बबनराव उभे असतात. एका हाताच्या चिमटीत पांढऱ्याशुभ्र कापसाचा बोळा, तो डोळ्याच्या कडेला धरलेला, दुसऱ्या हाताने त्याच डोळ्याची खालची पापणी ओढलेली आणि तोंड सूर्याकडे.

"सांगा सर, पांढरा का पिवया?"

मी आधी कापूस पाहतो, मग डोळा पाहतो आणि म्हणतो, "पांढरा."

"असं नाई. नीट पाहा. माल पसंत असन तं पसंत म्हना."

"पसंत."

मग दुसरा डोळा. हे उरकल्याशिवाय मला चहा मिळत नाही. आमच्या शेजारी नवीन आलेल्या बाईंनी हा प्रकार पाहिला आणि आठवडाभर आपल्या पोरांना अंगणात सोडलं नाही.

दिग्रसच्या कापूस बाजारात बबनराव एका जिनिंगवाल्याचे ग्रेडर. शेतकऱ्याच्या गाडीत कोपरापर्यंत हात घालायचा, खालचा कापूस उपसून उन्हात धरायचा आणि त्याची प्रत ठरवायची, हे त्यांचं काम. समोर दूध ओतल्यासारखा कापूस असला तरी बबनरावांचं वाक्य ठरलेलं, "माल पिवया हाय." एकदा पिवळा म्हटलं की भाव पडला. काविळीच्या रोग्याला जग पिवळं दिसतं म्हणतात. बबनरावांना ते कावीळ होण्याआधीच दिसत होतं, आणि त्याचा पगार मिळत होता.

ही खोड बाजारापुरती राहिली असती तर ठीक. पण लग्नाच्या पंगतीत ते भाताची मूद बोटाने चिवडून "खालचा माल ओला हाय" म्हणत. माझ्या निवृत्तीच्या सत्कारात भाषणाला उभे राहिले आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "शेवटच्या वेचणीचा माल हाय, पन धागा मजबूत हाय." माझ्या बायकोने त्यावर सगळ्यात जास्त टाळ्या वाजवल्या.

असा माणूस स्वतः पिवळा पडला तेव्हा काय झालं असेल?

ढाणकीकडचा एक शेतकरी होता. बबनरावांनी त्याच्या कापसाला पिवळा म्हणताच तो उसळला, "साहेब, आधी आरशात पाहा. तुमचेच डोये हयद लावल्यावानी झाले." अख्खा बाजार हसला. बबनराव भडकले. "भावासाठी मानूस कायबी बोलते!" मग हमाल बोलला, चहावाला बोलला, तसतशी त्यांची खात्रीच पटत गेली की सगळे मिळून आपली खेचताहेत. बाजारात समोरच्याला पिवळा म्हणायचं ते भाव पाडायला, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? शेवटी एका हमालाला दया आली. त्याने काविळीची माळ आणून त्यांच्या गळ्यात घातली. ही माळ लांबत जाते तशी कावीळ उतरते म्हणतात. माळ बेंबीपर्यंत लांबली, कावीळ जागेवरच. घरात मुलगा, सून, नातवंडं, भरलेलं घर. माळ पाहून त्यांना वाटलं, म्हातारा देवदेव करायला लागला. अंगाला खाज सुटली म्हणून सुनेने साबण बदलून दिला, तोही मोरीच्या दारातून.

खाज असह्य झाली तेव्हा यवतमाळला सोनोग्राफी झाली आणि तिथून नागपूर. मुलाला दुकान सोडता येईना, म्हणून मी गेलो. मागे कधी पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन झालं होतं, त्यानंतर पित्ताची वाट आतून आकसली होती. डॉक्टरांनी तोंडातून दुर्बीण घालून तिथे प्लास्टिकची बारीक नळी बसवली. पित्त सुटलं, खाज गेली, रंग उतरला. "दर तीन महिन्यांनी बदलायची. गाळ साचून ती तुंबते," डॉक्टरांनी बजावलं. बबनरावांनी मान डोलावली, आणि कापसाचा सीझन लागला.

"बरं वाटून राह्यलं तं कायले जाऊ? चालू मोटर कोनी खोलते का?"

तारीख गेली, सीझन सरत आला, आणि एका दुपारी रणरणत्या उन्हात बबनराव कापसाच्या ढिगावर दात वाजवत आडवे झाले. हमालांनी अंगावर बारदाना टाकला तरी हुडहुडी थांबेना. नागपूरला पोचेपर्यंत ते बरळत होते. तुंबलेल्या नळीच्या मागे पू झाला होता, विष रक्तात उतरलं होतं. डॉक्टर माझ्यावरच ओरडले, "एका घरात राहता ना? डोळे इतके पिवळे झालेले दिसले नाहीत?"

मी म्हटलं, "मी शेजारी आहे."

बबनराव वाचले. तेव्हापासून हा कापूस आणि हे फाटक. पुढची एकही तारीख त्यांनी चुकवली नाही; वाट रुंदावायला डॉक्टर दर खेपेला नळ्या वाढवत गेले. नागपूरला जायच्या आदल्या दिवशी दाढी, इस्त्रीचा सदरा. सासुरवाडीला निघालात का, म्हणून मी चिडवायचो. तिथली सिस्टर त्यांची पापणी ओढून म्हणायची, "वर पाहा बाबा. जेवलात का?" या प्रश्नाला ते सविस्तर उत्तर देत, भाजीसकट.

गेल्या खेपेला डॉक्टरांनी नळ्या काढल्या त्या काढल्याच. वाट मोकळी झाली होती. "आता यायची गरज नाही. फक्त डोळे पिवळे दिसले किंवा थंडी वाजून ताप आला, तर लगेच निघायचं."

"पन पाहीन कोन?" बबनरावांनी विचारलं.

डॉक्टर हसले. "घरचे पाहतील की!"

मी पेढे घ्या म्हटलं, त्यांनी संत्राबर्फी घेतली. एसटीत यवतमाळपर्यंत खोका मांडीवर धरून बसले. मग खिडकीकडे पाहत म्हणाले, "सर, एखांदी नई राहू देली असती तं चाललं नसतं का?"

"वेडे आहात का? मरायचं होतं त्या नळीपायी!"

"ते खरं. पन नई होती तवा तीन महिन्यानं तरी कोनी इचारे, जेवले का म्हून. पोराची माय गेल्यापासून माह्या तोंडाकडे पाहूनच नाई राह्यलं कोनी."

मी उगाच खिडकीची काच सरकवली. इतकी वर्षं वर्गात बडबड केली, तिचा काही उपयोग झाला नाही.

दिग्रसला उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेलो. बैठकीत टीव्ही चालू होता, सगळं घर त्याच्यापुढे. बबनराव आत गेले आणि बर्फीचा खोका दोन्ही हातांत धरून मधोमध उभे राहिले. चेहरा हसरा केला होता. मला तो अजून आठवतो.

"नया काढल्या," ते म्हणाले. "आता मी बरा झालो."

मुलाने मान तिरपी केली. "बाबा, सरका ना थोडं. दिसून नाई राह्यलं."

बबनराव सरकले.