साठ दातांचं बिट

सुरुवातीला ड्रिलच्या टोकाला बसवलेल्या बिटाच्या तोंडावर चोवीस दात होते: मध्ये सहा, भोवती आठ, कडेला दहा. खडक दात फोडतात आणि दात किती असावेत हे समिती ठरवते, हे खोदकामाचं मूलभूत सत्य आहे.

टेकडीच्या पोटातून नव्वद मीटर सरळ जाऊन भोक सात अंश वर वळवायचं होतं. पलीकडच्या वस्तीला त्यातून पाण्याची नळी जाणार होती. वस्तीचा टँकर एक तारखेपासून बंद होणार होता, आणि तिथे आमच्या ड्रिलरची थोरली बहीण राहायची.

नव्वद मीटर झाले. वळणावर काळा खडक लागला. प्रयोगशाळेत मोजलं: तो फुटायला दर दातामागे दोनशे किलो दाब हवा. यंत्राचा दाब सहा हजार किलो. भागाकार चौथीतला आहे. (समितीत चौथी पास सगळेच होते.)

समितीने मात्र सखोल विचार केला. चोवीस दात खोदतात, तर जास्त दात जास्त खोदतील. बारा सदस्यांनी आपापल्या खात्यातर्फे एकेक दात सुचवला. ज्येष्ठांना मान म्हणून मध्यभाग मिळाला. (फिरणाऱ्या बिटाचा मध्यभाग जवळजवळ हलत नाही, त्यामुळे त्यांना तिथे परकं वाटलं नसावं.) आता दातामागे दाब एकशे सदुसष्ट किलो. दिवसभरात खडकाला झकास चकाकी आली. समितीने तिची "पृष्ठभागीय प्रगती" अशी नोंद केली.

जेवणाच्या सुट्टीत ड्रिलरचा फोन वाजला.

"काय रे, टेकडीतून येतोयस की चंद्रावरून?"

"ताई, आमच्या बिटाला दात येतायत."

"बाळाला येतात तसे?"

"बाळ निदान चावतं तरी."

"हसू नकोस. चार दिवस उरलेत. सासूबाईंना मी काय, आश्वासन पाजू?"

फोन ठेवून तो तडक समितीच्या खोलीत गेला.

"साहेब, बारा दात काढा. संध्याकाळपर्यंत वळतो."

अध्यक्षांनी चष्मा पुसला. "काढू की. कुणाचा काढू, तेवढं सांग."

बाराही जण त्याच्याकडे बघत होते. तो बाहेर आला.

एवढ्या गंभीर प्रश्नात जनतेला डावलणं बरं नव्हे, म्हणून जाहीर सूचना मागवल्या. इथवर समितीला हसत आलेल्या वाचकांनो, तुमच्यापैकी दोनशे सात जणांनी उत्साहाने लिहिलं. दात वाढवा: एकशे एक्क्याण्णव. बिट सोनेरी करा: पंधरा. आमच्या भाच्यालाही समितीत घ्या: एक. दात कमी करा: कुणीही नाही. लोकभावनेचा आदर राखून चोवीस दात वाढवले.

एक तारखेला टँकर आला नाही. साठ दातांचं बिट सकाळी आठपासून दुपारी चारपर्यंत फिरलं. भोक पुढे सरकलं तीन मिलिमीटर. वळण, शून्य अंश.