विश्राम दळवींचं कोचिंग

"कोचिंग?" विश्राम म्हणाला. "डॉक्टर, ती अडीच वर्षांची आहे. आत्तापासून?"

"तिला नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्हाला."

विश्राम दळवीने आयुष्यात एकदाच कोचिंग लावलं होतं, बारावीला, गणिताचं. (त्याचा निकाल तो अजूनही कुणाला सांगत नाही.) त्यामुळे तो जरा दुखावला. मुलीला लस द्यायला आणलं होतं, बापाची परीक्षा घ्यायला नव्हे.

घडलं होतं इतकंच, की वजनकाट्यावरून उतरताना देवश्रीचा पाय अडखळला आणि ती हनुवटीवर आपटली. रडली नाही. उठली, स्वतःच हनुवटी चोळली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"शहाणी आहे हो फार," विश्राम कौतुकाने म्हणाला होता.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "एवढं मूल पडलं, की आधी आईबापांकडे बघतं," त्या म्हणाल्या. "रडायचं की नाही ते मग ठरवतं. हिने कुणाकडेच बघितलं नाही. घरी सगळं ठीक आहे ना?"

"एकदम ठीक," विश्राम म्हणाला.

घरी काहीच ठीक नव्हतं. दसऱ्याच्या सुमारास, सातव्या महिन्यात, त्याच्या बायकोचं, जयवंतीचं, बाळ पोटातच गेलं. ती दोघं रिकाम्या हाताने दवाखान्यातून बोगादीतल्या आपल्या घराकडे निघाली, तेव्हा म्हैसूरच्या रस्त्यांवरचे दसऱ्याचे दिवे शिडी लावून उतरवले जात होते. घरी आल्यावर देवश्रीने विचारलं, "बाळ?" विश्राम म्हणाला, "बाळ झोपलंय." या विषयावर देवश्रीशी झालेलं हे पहिलं आणि शेवटचं बोलणं. तेव्हापासून जयवंती पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. चहा दिला तर प्यायची, नाही दिला तर मागायची नाही.

विश्राम एका यंत्रांच्या कारखान्यात माल तपासणीवर होता. घरही त्याने त्याच पद्धतीने चालवायला घेतलं. दूध वेळेवर, अंघोळ वेळेवर, वरणभात वेळेवर. रडणं हा मालातला दोष. "रडायचं नाही हं, आई झोपलीय," तो सांगायचा; आणि देवश्री खरंच रडायची थांबली. मग हाका मारायची थांबली. मग जे चार शब्द येत होते तेही तिने कुठेतरी ठेवून दिले. घर इतकं शांत झालं, की खालच्या मजल्यावरच्या भुजंगरावांनी जिन्यात थांबवून अभिनंदन केलं. (विश्रामने ते स्वीकारलं.)

तर रविवारी सकाळी कोचिंग दारात येऊन उभं राहिलं. सुप्रीताताई, पन्नाशीच्या, खांद्याला झोळी, हातात मोबाइल. दवाखान्याच्या उपक्रमातून त्या लहान मुलांच्या घरी जायच्या, आईबापांचा मुलाशी खेळतानाचा व्हिडिओ काढायच्या आणि तोच त्यांना दाखवून शिकवायच्या. पूर्वज म्हैसूरच्या घोडदळात, घरात मराठी, पण दोनेकशे वर्षांत त्या मराठीत कानडी दुधातल्या साखरेसारखी विरघळलेली.

"मी पण मराठीच की," त्या म्हणाल्या. "आमची मराठी स्वल्प वेगळी. समजून घ्या."

"समजतं हो सगळं," विश्राम म्हणाला. (चार वर्षं म्हैसुरात राहून त्याला कानडीतले भाज्यांचे भाव समजत. त्यापलीकडे तो मान हलवायचा.)

"आई?" ताईंनी विचारलं. विश्रामने आतल्या खोलीकडे बोट केलं. ताई आत गेल्या, पलंगाच्या कडेला नुसत्याच थोडा वेळ बसल्या आणि बाहेर आल्या. "असू दे. आज बाप."

मोबाइल सुरू झाला आणि चित्रांचं पुस्तक हातात घेतलेल्या विश्रामच्या अंगात हेडमास्तर संचारला. "देवू, हा रंग कुठला? सांग ताईंना! हत्ती कुठाय? हत्ती कसा ओरडतो? डावीकडे नाही, ती गाय! देवू, इकडे बघ!"

मग ताईंनी त्याला व्हिडिओ दाखवला. त्यात विश्राम अखंड बोलत होता आणि देवश्रीची फक्त पाठ दिसत होती. हळूहळू लांब जाणारी पाठ.

"तुम्ही फार विचारता," ताई हळू आवाजात म्हणाल्या. "पोर खेळताना सुम्ने बसा. ती काय करते बघत राहा. ती काही बोलली, तर तेच परत बोला. अष्टे, एवढंच. बाकी काही नको."

आता, सुम्ने म्हणजे कानडीत गप्प, उगीच, काहीही न करता. हे म्हैसुरातलं शेंबडं पोरही सांगेल. विश्रामने मात्र ऐकलं 'सामने'. ताईंनी हिंदी शब्द घातला असेल, त्यांची मराठी तशी मिसळीचीच. सामने बसा. समोर बसा. सोपं आहे! त्याने जोरात मान हलवली.

आणि सोमवारपासून विश्राम दळवी आपल्या मुलीच्या समोर बसू लागला.

देवश्री वाट्यांची उतरंड रचायला बसली, की तो गुडघ्याला गुडघा लावून समोर. ती वळली, की तो ढुंगणावर घसरत पुन्हा समोर. ती जेवताना हा समोर, ती झोपताना हा समोर. ती पॉटीवर बसली तरी हा फरशीवर मांडी घालून समोर, डोळ्यांची पापणी न लववता. (त्या स्थितीत कोणाचंही काम होत नाही. तिचंही झालं नाही.) पोरगी आपल्या वाट्या घेऊन पडद्यामागे गेली, विश्राम पडद्यात शिरला. ती फ्रीजच्या सांदीत गेली, विश्रामने फ्रीज सरकवला.

"अरे, सोड ना तिला जरा," एका संध्याकाळी आतून जयवंती म्हणाली.

"ताईंनीच सांगितलंय."

त्या आठवड्यात नवरा-बायकोत झालेलं हेच सगळ्यांत मोठं संभाषण.

पुढच्या रविवारी ताई यायच्या म्हणून विश्रामने दाराची कडी काढून ठेवली आणि आत येऊन बघतो तर देवश्री नाही. स्वयंपाकघरात नाही, मोरीत नाही, गॅलरीत नाही. मग पलंगाखालून वाटीचा किणकिणाट ऐकू आला. वर जयवंती नेहमीसारखी भिंतीकडे तोंड करून पडलेली, आणि खाली, अगदी मागे, भिंतीला टेकून देवश्री बसलेली.

सामने बसायचं तर आत जाणं भाग होतं. विश्राम पालथा पडला आणि पलंगाच्या पायथ्याकडून, डोकं पुढे करून आत शिरला. डोकं गेलं, खांदे गेले, अर्धं पोट गेलं. उरलेल्या अर्ध्या पोटाने नकार दिला. मागे यावं म्हटलं, तर पट्ट्याचं बकल पलंगाच्या आडव्या पट्टीत अडकलं. हात अंगाखाली चिमटलेले. विश्राम दळवी कमरेपर्यंत पलंगाखाली, कमरेपासून खाली मोज्यांसकट जगजाहीर.

आणि तेव्हा त्याला दिसलं, देवश्री कशाला टेकून बसली होती ते.

ती निळी पिशवी होती. दवाखान्यात न्यायची म्हणून जयवंतीने भरून ठेवलेली. झबली, दुपटी, लोकरीची टोपडी. "ती पिशवी?" असं तिने घरी आल्यावर विचारलं होतं, आणि विश्राम "दिली कुणालातरी" म्हणाला होता. द्यायचं धैर्य झालं नव्हतं, टाकायचंही नाही. म्हणून तिच्याच पलंगाखाली, पार मागे ढकलून दिली होती.

देवश्रीने पिशवी उघडली होती. एक वाटी दुपट्यात गुंडाळली होती आणि वाटीवर पिवळं टोपडं घातलं होतं.

एरवी विश्रामने झटकन हिसकावून घेतलं असतं, "ठेव ते! आई बघेल!" म्हणाला असता. पण हात अडकलेले होते. ओरडायची सोय नव्हती, वर जयवंती होती. समोरून हलता येत नव्हतं आणि तोंडही फिरवता येत नव्हतं. तेव्हा तो नाइलाजाने, आयुष्यात पहिल्यांदा, नुसता बघत राहिला.

देवश्रीने थोडा वेळ त्याची तपासणी केली. बाप ओरडत नाही, विचारत नाही, हत्ती दाखव म्हणत नाही. मग तिने वाटी त्याच्या नाकाजवळ आणून ठेवली आणि कुजबुजली,

"बाळ झोपलं."

किती तरी दिवसांनी तिचा आवाज आला होता. विश्रामला ताईंचं एवढंच आठवलं, की तेच परत बोला.

"बाळ झोपलं," तो म्हणाला.

"उठत नाही."

"उठत नाही गं."

वर पलंग करकरला. जयवंतीचे पाय जमिनीवर टेकलेले त्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसले, मग गुडघे, मग फरशीला गाल लावलेला तिचा चेहरा. तिने पिवळं टोपडं बघितलं. विश्रामने डोळे मिटून घेतले. आता काहीही होईल, असं त्याला वाटलं.

"श्श," देवश्री आईला म्हणाली. "बाळ झोपलं."

"झोपलं?" जयवंती म्हणाली.

"झोपलं."

"हो राणी. झोपलं." मग जयवंतीने विचारलं, "आणि हा कोण गं?"

देवश्रीने बापाकडे पाहिलं. "बाबा. अडकला."

"अडकला?" जयवंती म्हणाली आणि हसली. महिनोन्महिने बंद असलेल्या नळातून आधी हवा यावी, मग गढूळ पाणी यावं, तसं ते हसू आलं आणि लगेच रडं झालं. देवश्री सरपटत बाहेर गेली आणि टोपड्याने आईचे गाल पुसू लागली. जयवंतीने तिला ओढून पोटाशी घेतलं. मग दोघी फरशीवर तशाच पडून राहिल्या, आणि देवश्री आईच्या कुशीत, ठेवून दिलेलं सगळं व्याजासकट काढल्यासारखी, मोठ्याने भोकाड पसरून रडली.

तेवढ्यात विश्रामच्या पायांना कुणाचा तरी पदर लागला.

"ताई? ताई, तुम्ही का? आधी मला काढा हो!"

"स्वल्प थांबा," मागे कधीपासूनचा मोबाइल धरून उभ्या असलेल्या सुप्रीताताई कुजबुजल्या. "हलू नका. फार चांगलं चाललंय."

"अहो, श्वास अडकलाय माझा!"

"सुम्ने!"

"सामनेच आहे हो आठवडाभर! अजून किती सामने जाऊ? पुढे भिंत आहे!"

मोबाइल खाली आला. "अय्यो, सामने नाही हो! सुम्ने, सुम्ने! गप्प! काही करू नका!"

पलंगाखाली एका माणसाचा पूर्ण आठवडा त्याच्या डोळ्यांसमोरून जात होता, पॉटीसह.

मग ताईंनी पलंगाचं एक टोक धरलं आणि दुसरं जयवंतीने. जी साधा चहाही मागत नव्हती, ती पलंग उचलत होती. विश्राम मागे सरपटत बाहेर आला. पट्टा आतच राहिला.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं कुणी सांगेल, तर ते खोटं. जयवंती आता डॉक्टरांकडे जाते, गोळ्या घेते. काही दिवस बरे जातात. काही दिवशी ती पुन्हा भिंतीकडे वळते, आणि देवश्री जाऊन तिच्या पाठीला पाठ लावून झोपते. निळी पिशवी कपाटात ठेवली आहे, खालच्या कप्प्यात, सगळ्यांना दिसेल अशी. देवश्री पडली की आता रडते. दणकून रडते. भुजंगरावांनी जिन्यात तक्रार केली, तर विश्रामने त्यांचे मनापासून आभार मानले.

उन्हाळ्यात जयलक्ष्मीपुरमच्या दवाखान्यात सगळ्या आईबापांना एकत्र बोलावलं होतं. परवानगी घेऊन ताईंनी तो व्हिडिओ मोठ्या पडद्यावर लावला. फरशीवर गाल टेकलेली आई, आईचे डोळे पुसणारी मुलगी. एकदोन बायका पदराने डोळे टिपू लागल्या. विश्राम ताठ बसला होता. आता आपला उल्लेख येणार, म्हणून त्याने शर्टाची कॉलरही नीट केली होती.

पुढच्या रांगेत शंभूराव होते, देवराज मोहल्ल्यातले सोनार, नातवासाठी आलेले. त्यांनी नाक शिंकरून हात वर केला.

"सगळं बरोबर आहे हो ताई. पोरीची आई तर सोनं. पण ह्या पोरीला बाप नाही काय?"

"आहे की," ताई म्हणाल्या आणि पडद्याच्या कोपऱ्यात, पलंगाच्या कडेपाशी काठीने दाखवलं. "हे काय इथं. आणि त्या दिवशी ते गप्प पडून राहिले म्हणून तर हे सगळं घडलं."

शंभूरावांनी चष्मा वर केला, पुढे झुकून निरखून पाहिलं आणि हळहळून म्हणाले,

"अय्यो! मला वाटलं, कुणी मोजे वाळत घातलेत."