नऊ कामकऱ्यांचं शेत

एनेलेसी लाकडांचा भारा डोक्यावर घेऊन शेतातून परतली, तेव्हा तिचा नवरा लायफोर्ड आंब्याखाली सवंगड्यांबरोबर बावोचा पट मांडून बसला होता. त्यात नवल काही नव्हतं. पटावरच्या खड्ड्यांत बिया टाकण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या देद्झा जिल्ह्यात कुणी नव्हता. शेतात मात्र तो हात अजून कुणी पाहिला नव्हता. पण आज तो डाव सोडून हसत सामोरा आला, आणि एनेलेसीने ओळखलं, याने काहीतरी उद्योग करून ठेवलाय.

"सरकारी साहेब येऊन गेला, मोजणीवाला," तो म्हणाला. "चिठ्ठी टाकून आपलं शेत निवडलं त्यांनी. मका किती झाला म्हणाला. मी सांगितलं, वीस पोती."

"बरोबर सांगितलंस. मग?"

"मग म्हणाला, शेतात राबतं कोण? मी म्हटलं, मी."

एनेलेसीने भारा धाडकन खाली टाकला.

"आणि हा कासिटो, तो फोडो, तुझे झाकेयूमामा... धरून नऊ नावं दिली! अगं, दर नावामागे खताचं एकेक पोतं येणार आहे."

"असं साहेब म्हणाला?"

"साहेब नाही. फोडो म्हणाला."

"आणि माझं नाव?"

लायफोर्डने नजर पटाकडे वळवली. "त्याने विचारलं, बायको काय करते? म्हटलं, काही नाही, घरीच असते."

एनेलेसीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेत तिच्या आईकडून तिला आलेलं, घर तिचं, आणि लायफोर्ड रीतीप्रमाणे तिच्या गावी नांदायला आलेला! सऱ्या ओढायच्या तिने, पेरायचं तिने, खुरपायचं तिने, कणसं वाहून आणायची तिने. आणि ही घरीच असते!

दुसऱ्या दिवशी ती बारा किलोमीटर चालत शेतकी कचेरीत गेली. तिथल्या कारकुनाने शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, ज्याने माहिती दिली त्यानेच येऊन बदलायची असते."

"अहो, ज्याने माहिती दिली त्याला माहितीच नाही!"

"नियम आहे," कारकून म्हणाला, आणि तिला बारा किलोमीटर परत पाठवलं.

लायफोर्ड कचेरीत यायला तयार होईना. मामांनी त्याचा कान धरावा म्हणून ती त्यांच्याकडे गेली. घरात शब्द मामांचा चालायचा.

"जावईबापूंचं चुकलंच," झाकेयूमामा म्हणाले. "पण चालून येणारं खत परत कशाला धाडतेस, पोरी?"

"मामा, माझ्या शेतात तुम्ही शेवटचे कधी आला होता?"

"मागच्या वर्षीच की. कणसं भाजून खायला."

खत काही आलं नाही. ऑक्टोबरात आलं ते पत्र. गावच्या प्रमुखाने ते रविवारी प्रार्थना सुटल्यावर सगळ्यांसमोर वाचलं. एनेलेसीच्या शेतात नऊ माणसं राबून वीस पोती, म्हणजे माणशी सव्वादोन पोतीसुद्धा नाहीत. आसपासच्या मोजलेल्या शेतांत सगळ्यात कमी. म्हणून या मागासलेल्या शेतातल्या नऊही कामकऱ्यांना त्याच शेतात तीन दिवस शिकवण्यात येईल. स्वतःची कुदळ आणावी. गैरहजर राहील त्याचं नाव यादीतून कापलं जाईल.

"काय गं," शेजारची फालेसी खिदळत म्हणाली, "तुझा मका उगवायला लाजतो की काय?"

एनेलेसीच्या कानशिलांत रक्त तापलं. दोन महिने तिने उन्हात पाठ भाजून घेतली होती, त्या मक्याला हे लोक हसत होते! घरी जाऊन तिने लायफोर्डला इतकं सुनावलं, की तो त्या दिवशी बावो हरला.

सोमवारी शेतकी कचेरीतला म्सिस्कासाहेब नोंदीचं यंत्र घेऊन मोटरसायकलवरून आला. खताच्या आशेने नऊही जण कुदळी घेऊन हजर. त्यांतल्या पाच कुदळी एनेलेसीच्या मैत्रिणींकडून उसन्या आणलेल्या होत्या. साहेबाने सरी कशी ओढायची ते दाखवलं आणि सगळ्यांना कामाला जुंपलं. एनेलेसी सावलीत चटई टाकून पाय पसरून बसली.

"आणि तुम्ही, बाई?" साहेबाने विचारलं.

"मी काही करत नाही. तुमच्या यंत्रात बघा, तसंच लिहिलंय."

तासाभरात कासिटोच्या तळहाताला फोड आले. फोडो कुदळीला टेकून उभा राहिला. मामांनी तर कंबर धरून सगळ्या पूर्वजांना हाका मारल्या. सूर्य डोक्यावर आला तसे नऊही जण एनेलेसीच्या घराकडे बघायला लागले. चुलीतून धूर निघत नव्हता, मक्याच्या पिठाचा न्सिमा शिजत नव्हता.

"अगं, न्सिमा?" लायफोर्डने दुरून विचारलं.

"जी काही करत नाही, ती न्सिमा कशी ढवळेल?" एनेलेसी कडाडली. "राबणारे नऊ जण आहात ना? घ्या शिजवून!"

सगळ्यात आधी मामा फुटले. "साहेब, माझं नाव खोडा. मी या शेतात कधी कुदळ मारली नाही." मग फोडो, मग कासिटो, मग बाकीचे रांगेने आले. म्सिस्कासाहेबाचं डोकं गरगरलं.

"अरे, मग ती वीस पोती काढली कुणी?"

सगळे लायफोर्डकडे बघू लागले. तो पायाच्या अंगठ्याने माती उकरत पुटपुटला, "हिने."

"मोठ्याने बोल!" एनेलेसी म्हणाली. "फालेसीच्या घरापर्यंत जाऊ दे!"

"हिने! एकटीने!"

साहेबाने हिशेब केला आणि डोळे विस्फारले. "एका माणसामागे वीस पोती! बाई, आम्ही मोजलेल्यांत तुम्ही सगळ्यात पुढे आहात. मग इथे शिकवायचं काय? चला रे, कुदळी उचला. आत्ताच नावं खोडून टाकतो."

नऊ चेहरे खुलले. नऊ कुदळी खांद्यांवर चढल्या.

"खबरदार!" एनेलेसी चटईवरून उठली. "साहेब, माझ्या नावावर तुमची चूक चार महिने चालली, अजून तीन दिवस चालू द्या. पेरणीआधी पन्नासच्या वर सऱ्या ओढायच्या राहिल्यात. नावं बुधवारी खोडा, संध्याकाळी."

साहेबाने तिच्याकडे पाहिलं, नऊ जणांकडे पाहिलं, आणि यंत्र मुकाट पिशवीत घातलं.

एनेलेसीने घरी जाऊन चूल पेटवली. एका माणसापुरता न्सिमा केला, भोपळ्याच्या पाल्याची भाजी केली, आणि ताटली घेऊन बांधावर येऊन बसली. सावकाश जेवली. बोटं चाटली. हात धुतले. मग कमरेवर हात ठेवून ओरडली,

"मामा! तुमची सरी वाकडी गेलीय. मोडा आणि पहिल्यापासून ओढा!"